न पाहता काढलेल्या आकृत्या

मार्च लागला, की आमच्या सदाशिव पेठेत झाडांच्या आधी विजेच्या खांबांना पालवी फुटते. ‘डॉक्टर व्हायचंय?’ असा जाब विचारणारे फलक जागोजागी उगवतात. त्यांवर गेल्या वर्षीच्या यशस्वी मुलांचे पासपोर्टएवढे चेहरे आणि मधोमध हाताची घडी घातलेले क्लासचे मालक. परीक्षा मुलांनी नाही, यांनीच दिली असावी असा भाव. मी भाजी आणायला निघते आणि शंभर भावी डॉक्टर माझ्याकडे बघत राहतात.

परवा शेजारच्या फ्लॅटमधली सून दारात आली. “काकू, तुम्ही बायॉलॉजीच्या टीचर होतात ना? आमच्या रियाचं जर्नल राहिलंय. चार-पाच डायग्रॅम काढून द्याल? तिला एंट्रन्सचा अभ्यास असतो हो, या असल्या गोष्टींना वेळ कुठला!”

“देते की,” मी म्हटलं. “नमुने आणलेत?”

“कसले नमुने?”

“ज्यांच्या आकृत्या काढायच्या त्यांचे.”

ती छान हसली. “काकू, तुम्ही पण ना! पुस्तकात आहेत की सगळ्या.”

तिचं काही चुकलं नव्हतं. पुस्तकात आहेत सगळ्या. मी स्वतः बत्तीस वर्षं त्या पुस्तकातल्या आकृत्या फळ्यावर काढल्या, मुलींनी त्या फळ्यावरून वहीत काढल्या आणि मी त्यांवर लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या. या सगळ्या व्यवहारात एकाही प्राण्याचा कुणाला त्रास झाला नाही.

तिने ठेवून दिलेलं ते कोरं जर्नल हातात घेतलं आणि नाकात एकदम फॉर्मॅलिन गेलं. नव्या जर्नलला फॉर्मॅलिनचा वास येत नाही, हे मला कळतं. पण वासांना कुठे कळतं? डोळे चुरचुरायला लावणारा, जेवणाच्या डब्यात शिरणारा, दोनदा साबण लावला तरी बोटांच्या पेरांत राहणारा तो वास मला टी. वाय.च्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत घेऊन गेला. पन्नास वर्षं होत आली. लोक त्या वयाला सोनेरी दिवस म्हणतात. माझे दिवस मातकट रंगाचे होते, बरणीतल्या माशासारखे.

त्या वर्षी प्राणिशास्त्र घेतलेले आम्ही बारा जण होतो. बारापैकी अकरा जण डॉक्टर व्हायला निघालेले आणि वाटेत उतरवून दिलेले. माझे वडील पाहुण्यांना सांगायचे, “हिचं मेडिकल थोडक्यात हुकलं.” ते थोडकं म्हणजे एक्केचाळीस मार्क होते. आम्ही बी.एस्सी.च्या वर्गात असे बसायचो, की जणू स्टँडवर चुकीच्या फलाटाला बसलोय आणि आपली गाडी कुणीतरी पुढच्या मिनिटाला पुकारणार आहे. गांडूळ, झुरळ, बेडूक यांच्याकडे बघण्यात आमचा एक सूक्ष्म अपमान होता. माणूस कापायला मिळाला नाही म्हणून आम्ही बेडूक कापत होतो. पुढे बी.एड. करायचं, शाळेत लागायचं, नाहीतर एखाद्या डॉक्टरशी लग्न करायचं, असे आमचे बेत. त्यातला तिसरा बेत सगळ्यात आवडता.

बारावी होती कौसल्या. ती हडपसरहून यायची. तेव्हा हडपसर म्हणजे गावच होतं. तिच्या वडिलांचा फ्लॉवर आणि मेथीचा मळा होता, कालव्याच्या कडेला. सकाळच्या पहिल्या बसने ती निघायची आणि वर्गात शिरायची तेव्हा तिच्या चपलांना ओली माती असायची. तिला मेडिकलला जायचंच नव्हतं. तिला शिकवायचं होतं. हे ती असं सांगायची, की जणू त्यात लाजण्यासारखं काही नाही.

“मी शास्त्राची बाई होणार हाय,” ती म्हणाली, तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या ‘हाय’ला आम्ही जेवढं हसलो, तेवढं आयुष्यात फार कमी गोष्टींना हसलो असू. पेठेतल्या मुलींना शुद्ध बोलण्याचा एवढा गर्व होता, की त्या शुद्ध भाषेत सांगण्यासारखं आपल्याकडे काही आहे का, हे बघायचं राहूनच गेलं.

आम्हाला शिकवायला लिमये सर होते. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि एक तपकिरी पुठ्ठ्याची वही, जिच्यातून ते पंधरा वर्षं तेच वाचून दाखवत होते. बेडकाच्या धड्यात एका ठराविक ठिकाणी ते एक विनोद करायचे. आदल्या वर्षाच्या मुलीची वही मी मागून आणली होती. तिच्यात तो विनोद शब्दशः उतरवलेला होता आणि खाली रेघ मारली होती. परीक्षेला येईल या भीतीने.

फेब्रुवारीच्या शेवटी उजळणी सुरू झाली. कॉलेजच्या आवारातल्या शिरीषाच्या वाळक्या शेंगा दुपारभर खुळखुळत असायच्या. रस्त्यावर उसाच्या रसाच्या गाड्या लागल्या होत्या. आत प्रयोगशाळेत मेणाच्या ट्रेमध्ये पाठीवर निजवलेले बारा बेडूक, चारही पाय टाचण्यांनी ठोकलेले. रोल नंबरामुळे कौसल्याची जागा माझ्या शेजारी होती. मी पुस्तक उघडून आकृती आधी काढून घ्यायचे, नावं द्यायचे, मग वेळ उरलाच तर बेडकाकडे बघायचे. ती उलटं करायची. ती एक-एक तास नुसती वाकून बघत राहायची. चिमट्याने पडदा हलकेच बाजूला करायची, तोंडाने ‘च्’ करायची, जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट करावं तसं. मग पेन्सिल उचलायची.

त्या दिवशी तिच्या आकृतीत एक शीर जास्त होती. सरांनी जर्नल उचललं, लांब धरलं.

“ही कोण?”

“शीर हाय सर. डाव्या अंगानं वर जातीय.”

“पुस्तकात आहे?”

“पुस्तकात न्हाई. बेडकात हाय.”

वर्गात खसखस पिकली. सरांनी ती पिकू दिली. त्यांना अशा वेळी घाई नसायची. “असं का? मग एकतर पुस्तक चुकलं असेल, नाहीतर बेडूक. पुस्तक लिहिणारे केंब्रिजला होते. तुमचा बेडूक कुठला?”

“मला काय म्हाईत सर. तुम्हीच मागवलाय.”

आता कुणी हसलं नाही. सरांनी त्या पानावर आडवी लाल रेघ ओढली आणि जर्नल टेबलावर टाकलं. बेडकाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी पाहिलं. ते गेल्यावर कौसल्याने मला बोलावलं, “ये की, बघ,” आणि सुईच्या टोकाने दाखवलं. डाव्या बाजूने एक बारीक निळसर शीर स्पष्ट वर गेलेली होती. अशी एखादी जास्तीची शीर क्वचित आढळते, हे मी पुढे एम.एस्सी.ला वाचलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, “असेल. पण तू कशाला काढलीस?”

“मग काय करायचं? पुसायची?” तिने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा म्हणून नाही. टोमणे आमच्याकडे असायचे.

सर घरी क्लास घ्यायचे. आमच्या बोळाच्या पुढच्याच बोळात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. आम्ही अकराही जण जायचो. कौसल्याला ते जमण्यासारखं नव्हतं; संध्याकाळी तिला बस गाठून मेथीच्या जुड्या बांधायला घरी पोचायचं असे. परीक्षेच्या आधीच्या रविवारी सरांनी चष्मा काढला, पुसला आणि छताकडे बघत म्हणाले, “आता मी बारा गोष्टी सांगतो. त्या जरा डोळ्यांखालून घाला. याच क्रमाने घाला. परीक्षेत येतील असं मी म्हणत नाही. मी काहीच म्हणत नाही.” मग ते बारा नावं बोलले. आम्ही ती लिहून घेतली. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. सुसंस्कृत घरांतली मुलं होतो आम्ही. चोरी करतानाही सावकाश आणि सुवाच्य अक्षरात केली.

दुसऱ्या दिवशी शिरीषाखाली कौसल्या भेटली. मांडीवर जर्नल, हातात खारे दाणे. “घे,” म्हणाली. मी घेतले. ती म्हणाली, “मला ते ओळखायचं फार भ्या वाटतंय बघ. बारा ठिकाणी बारा वस्तू ठेवणार, घंटा झाली की पुढं सरकायचं. काय काय ठेवतील गं?” माझ्या पर्समध्ये घडी केलेला कागद होता. पर्स मांडीवर होती.

“कोण जाणे,” मी म्हटलं.

ती मग तिच्या वडिलांबद्दल बोलली. त्यांनी सांगितलं होतं, फर्स्ट क्लास आला तर पुढं शीक, पुण्यातच काय ते एम.एस्सी. कर, मी बघतो. नाही आला तर पोरगं बघितलेलं आहे. “वाईट न्हाई ते,” ती म्हणाली. “पर मला अजून शिकायचं हाय.” मी तिचे दाणे खात ऐकत होते. तेव्हा तो कागद बाहेर काढला असता तर माझं काय कमी झालं असतं? काहीच नाही. मला हे तेव्हाही कळत होतं. मी तिचा द्वेष करत नव्हते. ती आमच्यातली नव्हती, एवढंच. पुण्यात तेवढं पुरायचं.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. कुठल्याशा लहान गावच्या कॉलेजातले, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, एसटीच्या धुळीने कडा लाल झालेलं धोतर. त्यांना पाहून सरांच्या चेहऱ्यावर जे स्मित आलं, ते आम्ही कौसल्यासाठी वापरायचो तेच.

बारा टेबलं मांडली होती. प्रत्येकावर एक बरणी किंवा एक सूक्ष्मदर्शक, स्लाइडवरच्या नावावर कागद चिकटवलेला. घंटा झाली की लिहायचं, घंटा झाली की सरकायचं. मी पाठ केलेल्या क्रमाने लिहीत गेले. सातव्या टेबलावर डासाचं डोकं होतं. यादीत सातवी होती ‘ॲनाफिलीस, मादी’. मी भिंगाला डोळा लावला, कारण तसं दिसायला हवं होतं, आणि मिटलेल्या डोळ्यानेच उत्तर लिहिलं. घंटा झाली.

तोंडी परीक्षेला एकेकाला आत बोलवत होते. कौसल्या माझ्या आधी होती. दार उघडंच होतं, मी बाकावर बसून सगळं ऐकत होते. बाहेरच्या परीक्षकांनी सूक्ष्मदर्शक टेबलावर आणवला होता.

“सातव्याला तुम्ही क्युलेक्स लिहिलंय. बाकी सगळ्यांनी ॲनाफिलीस. कशावरून?”

“पाल्प आखूड हायेत सर.”

पाल्प म्हणजे डासाच्या सोंडेच्या दोन बाजूंना असलेल्या दोन काड्या. मलेरियाच्या ॲनाफिलीस मादीत त्या सोंडेएवढ्या लांब असतात, साध्या क्युलेक्स मादीत अगदी तोकड्या. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. व्याख्येसकट.

“आमच्या कालव्यावर दोन्ही असत्यात,” कौसल्या पुढे म्हणाली. “बसत्यात पण येगळ्या. एक तिरकी, एक सपाट.”

परीक्षकांनी भिंगाला डोळा लावला. स्क्रू हलकेच फिरवला आणि पुन्हा पाहिलं. मग लिमये सर म्हणाले, “स्लाइडवर ॲनाफिलीस लिहिलेलं आहे. पंधरा वर्षं आमच्याकडे आहे ती.” परीक्षक मान वर न करता म्हणाले, “हो. लिहिलेलं असेल.” आणि कौसल्याला म्हणाले, “या तुम्ही बाई. छान.”

मग मी आत गेले.

“तुम्ही ॲनाफिलीस लिहिलंय. काय दिसलं तुम्हाला?”

“पाल्प लांब दिसले सर.”

“पुन्हा बघा.”

मी वाकले. या वेळी डोळा उघडा होता. स्वच्छ गोल उजेडात ते डोकं, लांब सोंड, आणि तिच्या मुळाशी दोन तोकड्या काड्या. इतक्या स्पष्ट, की लहान मुलालाही दिसल्या असत्या. माझ्या मागे लिमये सर उभे होते. त्यांच्या बुशशर्टाच्या निळीचा आणि इस्त्रीचा वास मला येत होता. मी आखूड म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग आधी लांब का लिहिलंत? आणि त्याच्या पुढचा: अकरा जणांना एकच चूक कशी दिसली?

“लांब आहेत,” मी म्हणाले.

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्त्यात कुत्र्याने काहीतरी करून ठेवलेलं दिसावं आणि धोतर आवरून बाजूने जावं, तसं. “बरं,” ते म्हणाले. “या.”

माझी अजूनही अशी समजूत होती, की आता काहीतरी होईल. परीक्षा रद्द होईल, निदान आरडाओरडा होईल. दुपारी एक वाजता सर त्यांना घरी जेवायला घेऊन गेले. श्रीखंड होतं, हे मला ठाऊक होतं, कारण चक्का आमच्याच बोळातल्या डेअरीतून गेला होता. तीन वाजता दोघे परतले. परीक्षकांचे डोळे जड झाले होते. सातवा प्रश्न सगळ्यांना पूर्ण मार्क देऊन मिटवला, असं कळलं. म्हणजे न्याय झाला. जिला दिसलं तिला आणि ज्यांनी डोळे मिटले त्यांना सारखाच.

जर्नलचे मार्क सरांच्या हातात होते. निकाल लागला तेव्हा मला फर्स्ट क्लास होता. कौसल्याचा पाच मार्कांनी गेला होता.

ती व्हरांड्यात सरांना भेटली. आम्ही सगळे तिथेच पेढे वाटत होतो. वाटलं, आता ही रडेल, पाया पडेल. आम्हाला तो देखावा बघायची तयारी होती. ती म्हणाली, “सर, ती क्युलेक्सच होती ना?”

सर म्हणाले, “बाई, तुम्हाला मार्क हवे होते की डास?”

“मार्क तर गेले. डास कुठला ते तर सांगा.”

सर पेढा तोंडात टाकून निघून गेले. उत्तर आमच्यापैकी कुणीही देऊ शकलं असतं. मी हातातला पुडा तिच्यापुढे धरला. तिने पेढा घेतला, “अभिनंदन,” म्हणाली आणि बस गाठायला गेली. वैशाखात तिचं लग्न झालं.

माझं पुढचं आयुष्य सांगण्यासारखं काही नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. एम.एस्सी., बी.एड., पेठेतली मुलींची शाळा, मग तिचंच ज्युनियर कॉलेज. मीही एक वही केली. तपकिरी पुठ्ठ्याची नाही, निळ्या. परीक्षेच्या आधी मीही मुलींना म्हणायचे, एवढं जरा बघून ठेवा गं. पुढे तर बाहेरच्या परीक्षक येऊन आधी चहा आणि मार्कांची यादी मागायच्या, सगळ्यांना तीसपैकी अठ्ठावीस. ज्या मुलीने खरंच काही पाहिलं होतं तिलाही अठ्ठावीस. माझ्या काही विद्यार्थिनी आज डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे मी औषधाला जात नाही.

निवृत्त झाल्यावर एका लग्नात कळलं, की हडपसरच्या एका शाळेत कौसल्या म्हणून शास्त्राच्या बाई होत्या. दोन मुलं झाल्यावर सासरी भांडून बी.एड. केलं, पंचवीस वर्षं शिकवलं. मुलांना कालव्यावर घेऊन जायच्या, बाटल्यांतून पाणी आणायच्या, आईबाप तक्रार करायचे. मी पत्ता मागून घेतला. तीन वर्षं मार्च आला नि गेला, तो तसाच ठेवला. या चौथ्या वर्षी, ते कोरं जर्नल हातात आल्यावर, बसमध्ये बसले.

मळा नव्हताच. दोन उंच इमारतींच्या मधे एक बैठं घर उरलं होतं, पुढे पत्र्याची शेड. तिने दार उघडलं. केस पांढरे, पाठ ताठ. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. तिने तोंडभरून ये ये केलं, पाणी दिलं, “जेवल्याबिगर जायचं न्हाई,” म्हणून लगेच तव्याखाली गॅस पेटवला. वाटेत मी वाक्यं जुळवून ठेवली होती. पेठेतली वाक्यं, नीट, शुद्ध. ती मी सगळी बोलले. यादी सांगितली. पर्समधला कागद सांगितला. दुसऱ्यांदा बघितलं, आखूड दिसले आणि तरी लांब म्हटलं, तेही सांगितलं. “तुझा फर्स्ट क्लास आमच्यामुळे गेला,” म्हणाले. हे सांगताना मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं.

ती भाकरी थापता थापता ऐकत होती. थांबली नाही.

“यादी होती, ते त्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “अकरा जणांना सोंडेशेजारी जे नव्हतं तेच दिसलं, म्हटल्यावर काय ऱ्हायलं? मला तुमची कीव आली होती तवा. एवढी चांगली स्लाइड, आणि कुणी बघितलीच न्हाई.” मग तिचा चेहरा उजळला. “काय सुरेख होतं गं ते डोकं! एक-एक केस दिसत होता.”

“तू बाहेर आलीस आणि लगेच मी आत गेले,” मी म्हणाले. “मी तुझ्या शेजारच्या टेबलावर होते. वर्षभर.”

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. डोळे बारीक करून, मान जराशी तिरकी करून, बराच वेळ. ती मनापासून प्रयत्न करत होती, हे दिसत होतं.

“असशील बाई,” ती शेवटी म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली.